दुपारी दोन ते तीन

शेवटी मी सगळ्या मंडळीसमोर खरं काय ते सांगून टाकलं. देवळात, माइकवर, वार आणि वेळेसकट.

हे घडलंच नाही असं धरून पुढे वाचा. आमच्या चर्चने तसंच धरलेलं आहे, आणि मी एकटाच वेगळं धरून बसलो तर बरं दिसत नाही.

तर त्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड सरोदे, हातात वही घेऊन पुढे उभे राहिले. ओहोळ सर नगरच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते.

"मंगळवारी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत साखळी प्रार्थना," साहेब म्हणाले. "एका तासाला एक जण. जागा एक मिनिटसुद्धा रिकामी राहता कामा नये. नावं सांगा."

सकाळी सहाचा तास लगेच गेला. लवकर उठणाऱ्याला मंडळीत मान असतो, आणि लवकर उठून प्रार्थना करणाऱ्याला तर स्टेजवर खुर्ची मिळते. बाकीचेही तास भरले. दुपारी दोन ते तीन मात्र कुणी घेईना. आमच्या मिशन कंपाउंडात त्या तासाला कुत्रीसुद्धा भुंकायचं पुढे ढकलतात.

"अनुग्रह," साहेबांनी मला बरोबर शोधून काढलं, "तुला दुपारी काय काम असतं?"

"काही नाही, साहेब."

"मग घे."

"मला सकाळीही काही काम नसतं, साहेब."

"सकाळचं भरलं."

अशा रीतीने माझं नाव वहीत गेलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, आणि बसण्याचं काम मन लावून करत होतो. अंगात कला एकच होती. मी माणसांच्या नकला करायचो, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. आणि माझ्या सगळ्या नकलांत गाजलेली, मागणी असलेली, नाताळच्या कार्यक्रमात बंदी घातलेली नक्कल होती ओहोळ सरांच्या प्रार्थनेची.

फिलमोन ओहोळ सर. मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तर, निवृत्त झाल्यावर संडे स्कूलचे मुख्य. त्यांची प्रार्थना तालुक्यात प्रसिद्ध होती, कारण ती संपत नसे. लग्नात सरांनी खिशातला रुमाल काढून गुडघ्यांखाली अंथरला की आचारी गॅस बारीक करायचे. सर सगळ्यांसाठी मागायचे. प्रवासात असलेल्यांसाठी, प्रवासाच्या तयारीत असलेल्यांसाठी, एसटी चुकून स्टँडवर बसलेल्यांसाठी. वायरमनसाठी, तो खांबावर असताना आणि खाली उतरल्यावर, असं वेगवेगळं. मध्येच खोकायचे. मध्येच डोळे मिटलेले तसेच ठेवून विचारायचे, "कोण बोलतंय तिकडे?" मग देवाला सांगायचे, "माफ कर, पित्या, मागच्या बाकावर मुलं आहेत," आणि पुढे चालू.

मी ती प्रार्थना पाठ केलेली नव्हती. ऐकून ऐकून ती अंगात शिरली होती, कांजिण्या शिरतात तशी. नऊ वर्षांचा असताना मला कावीळ झाली तेव्हा सर एकवीस दिवस रोज सायकलवरून उसाचा रस घेऊन यायचे आणि खाटेशेजारी रुमाल अंथरायचे. रस मला आवडायचा. प्रार्थनेच्या वेळी मी झोपेचं सोंग घ्यायचो. ते सोंग आहे हे सरांना कळायचं की नाही, कुणास ठाऊक. कारण झोपलेल्यांसाठीसुद्धा त्यांच्याकडे एक कलम होतं.

मंगळवारी दोनला पाच कमी असताना मी देवळामागच्या खोलीत गेलो. खोलीत एक चटई, भिंतीवर घड्याळ आणि स्टुलावर सह्यांची वही. माझ्या आधीचा तास पाळकसाहेबांचा होता. आमच्याकडे साखळीत असा रिवाज आहे की नवा माणूस गुडघ्यांवर बसला की आधीच्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, "आता तुझ्या स्वाधीन" म्हणायचं आणि मगच उठायचं. म्हणजे मध्ये फट राहत नाही.

साहेबांनी हात ठेवला. "आता तुझ्या स्वाधीन."

"हो, साहेब."

ते गेले. मी मनापासून सुरुवात केली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. ओहोळ सरांना बरं कर, म्हटलं. त्यांच्या मिसेस करुणाबाईंना धीर दे. डॉक्टरांना बुद्धी दे, नर्सना बळ दे. डोळे उघडून पाहिलं तर दोन वाजून चार मिनिटं. मग तेच सगळं उलट्या क्रमाने मागितलं. दोन वाजून सहा. मला पहिल्यांदाच कळलं, की सरांची प्रार्थना लांबत होती कारण त्यांना माणसं माहीत होती. माझ्याकडची माणसं चार मिनिटांतच संपली होती.

दोन वाजून पंधरा मिनिटांनी खिडकीत मोश्याचं डोकं आलं. मोशे रणनवरे, माझा शाळेपासूनचा दोस्त. कंपाउंडच्या फाटकाबाहेर त्याची ऑम्लेट-पावाची गाडी होती.

"अन्या, चल. श्रीरामपूरची व्हॉलीबॉलची पोरं आलीत. त्यांना तुझा आयटम बघायचाय."

"मी प्रार्थनेत आहे."

"दिसतंय ना. कुणासाठी?"

"ओहोळ सरांसाठी."

"मग काय वेगळं मागतोय मी? ओहोळ सरांचंच करायचंय."

"साखळी तुटेल, लेका."

"साखळीच्या कडीला मधे भोक असतंच की. पाच मिनिटं. तीनला पुढची पाळी आमच्या आईची आहे. तिच्या आधी आणून सोडतो तुला, शपथ."

हा युक्तिवाद मला त्या वेळी पटला. बाविसाव्या वर्षी पटण्यासाठी युक्तिवादात फार काही असावं लागत नाही. निघताना मी वहीत लिहिलं, "दुपारी २ ते ३, अनुग्रह त्रिभुवन", आणि खाली सही केली. परत यायला उशीर झालाच तर घाई नको म्हणून. आयुष्यात वेळेआधी केलेलं माझं ते पहिलं काम.

गाडीजवळ आठ पोरं होती, हातात पाव घेऊन. मोश्याने गाडी पुसायचं फडकं दिलं, कांद्याच्या आणि अंड्याच्या वासाचं. मी ते सरांच्या रुमालासारखं झटकलं, चार घड्या मोजून उलगडलं, धुळीत अंथरलं आणि गुडघ्यांवर बसलो.

"हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ आणि सर्वकाळ जाग्या असणाऱ्या पित्या..."

पोरं इथपासूनच हसायला लागली. त्यांनी सरांना कधी पाहिलेलं नव्हतं. तरी हसली, यावरून माझी कला समजून घ्या. प्रवासातले झाले, तयारीतले झाले, एसटी चुकलेले झाले. वायरमन खांबावर चढला, उतरला. मी खोकलो. "कोण बोलतंय तिकडे?" एकाच्या नाकातून चहा आला. मोश्या तव्यावर उलथनं आपटून दाद देत होता. सगळ्यात शेवटी सरांचं एक ठरलेलं वाक्य असायचं:

"आणि, पित्या, ज्यांचं नाव आज कुणीच घेतलं नाही, त्यांच्यासाठी मी मागतो. मला ते माहीत नाहीत. तुला आहेत."

इथे सर थांबायचे. चांगलं अर्धा मिनिट. जणू पलीकडून नावं येणार आहेत आणि ती येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. मीही थांबलो. डोळे मिटून, मान जराशी कलती करून. त्या शांततेला पोरं सगळ्यात जास्त हसली. एक जण पोट धरून रस्त्यावर बसला.

तीनला सात कमी असताना मी खोलीत परत होतो. बरोबर तीनला मोश्याची आई, रणनवरे मावशी, आल्या. मी मान खाली घालून गुडघ्यांवर होतो. त्या शेजारी बसल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता तुझ्या स्वाधीन," मी म्हणालो.

"देव तुझं भलं करो, लेकरा," मावशी म्हणाल्या. "घामाघूम झालायस."

साडेतीनला देवळाची घंटा वाजली. अवेळी वाजली की काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं.

बुधवारी मातीला सगळा तालुका आला होता. पाळकसाहेबांची प्रार्थना सव्वा मिनिटात आटोपली, आणि इतक्या लवकर संपलेली पाहून लोक उगाच रडले. परतताना स्मशानभूमीच्या फाटकाशी करुणाबाईंनी मला हाक मारली. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी छातीवर पिनेने अडकवलेलं घड्याळ तसंच होतं.

"सलाम, बाई," मी म्हणालो.

"दोन चाळीसला गेले," त्या म्हणाल्या. "मी घड्याळ बघितलं. सवय आहे. आज सकाळी साहेबांकडून वही मागून घेतली आणि पाहिलं, दोन चाळीसला कोण होतं. तू होतास."

मी त्यांच्या छातीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मला बाहेर बसवलं होतं रे. नळी बदलायची होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मरणाला उशाशी उभी राहिले, आणि ह्यांच्या वेळी बाहेर बाकावर, कुणाची तरी पिशवी सांभाळत. काल रात्रभर तेच डोक्यात. एकटे गेले, एकटे गेले. मग वही पाहिली." त्यांनी माझा हात धरला. "काय म्हणत होतास रे तेव्हा? आठवतं?"

इथे मी खरं सांगू शकलो असतो. जागा होती, वेळ होती, बाई स्वतः विचारत होत्या. माझ्या तोंडून आलं,

"सरांचीच प्रार्थना म्हणत होतो."

"ह्यांची? सगळी?"

"सगळी. पहिल्यापासून."

यात एक शब्द खोटा नव्हता. बाई माझा हात कपाळाला लावून रडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, पोरगं सोन्यासारखं आहे. मी वळून पाहिलं. मोश्या होता. त्याची मान खाली होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी निरोप आला. मंगळवारी दुपारी दोनला घरी ये. मी गेलो. बाईंनी चटई अंथरली होती आणि तिच्यावर सरांचा रुमाल, इस्त्री केलेला.

"म्हण," त्या म्हणाल्या.

"काय, बाई?"

"ह्यांची. त्या दिवशी म्हटलीस तशी."

मी गुडघे टेकले. सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वकाळ जाग्या. मी आवाज माझाच ठेवला, साधा, सभ्य. वायरमनपर्यंत आलो तेव्हा बाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या,

"खोकला राहिला."

"अं?"

"एसटीच्या नंतर ते खोकायचे."

मी खोकलो.

"असा नाही. छातीतून. त्यांना माहीत होतं तू त्यांची नक्कल करतोस. म्हणायचे, पोराला सगळं जमलं, फक्त खोकला जमत नाही."

मी छातीतून खोकलो. बाईंच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला पुढचं वाक्य सुचेना. एरवी ती प्रार्थना मी तापातसुद्धा म्हणू शकलो असतो. संपल्यावर त्यांनी चहा दिला, खारी दिली. म्हणाल्या, "तू येऊन गेलास की मला त्या दिवशी झोप लागते. बाकीचे सहा दिवस गोळी."

असे सेहेचाळीस मंगळवार झाले. जी नक्कल फाटकाबाहेर केली म्हणून मला तोंड लपवावंसं वाटत होतं, तीच मी दर आठवड्याला त्या माणसाच्या घरात, त्याच्या रुमालावर, त्याच्या बायकोसमोर करत होतो, आणि तिच्या फर्माईशीवरून सुधारत होतो. खोकला तर इतका जमला की एकदा शेजारची म्हातारी दारात येऊन उभी राहिली आणि पांढरीफटक होऊन परत गेली. मंडळीत माझं नाव झालं. परीक्षेला बसणारी मुलं, व्हिसासाठी अर्ज केलेले, मूतखडा असलेले, सगळे मला गाठायचे. "अनुग्रहभाऊ, जरा आठवण ठेवा." एकाचा खडा पडला. त्याने तो बाटलीत घालून मला दाखवायला आणला.

सहाव्या महिन्यात मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते अंगणात कुंडीतली माती उकरत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते बराच वेळ उकरतच राहिले.

"गुडघ्यांवर होतास?" त्यांनी विचारलं.

"होतो. पण नकलेसाठी."

"शब्द सगळे म्हटलेस?"

"सगळे."

"डोळे?"

"मिटलेले होते. साहेब, पण आठ जण हसत होते."

"हसणाऱ्यांचं जाऊ दे. तुझ्या मनात काय होतं?"

"आणखी कसं हसवता येईल, ते."

साहेबांनी खुरपं खाली ठेवलं. "माझी काय पंचाईत आहे बघ. खरं बोलावं असं सांगायला मी इथे नेमलेलो आहे. विधवेला जपावं असं सांगायलाही मीच नेमलेलो आहे. दोन्ही एकाच पगारात."

"मग मी काय करू?"

"मला सोपं पडेल ते विचारतोयस, की तुला?"

"मला."

"तुला सोपं पडेल असं माझ्याकडे काही नाही," साहेब म्हणाले, आणि पुन्हा खुरपं घेतलं. मग खाली बघतच म्हणाले, "त्या दिवशी एक ते दोनमध्ये मला दहा मिनिटं डुलकी लागली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगतोय."

मला बरं वाटलं नाही. पण त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. म्हणजे काहीतरी फरक पडला.

त्यानंतर मी प्रभुभोजन घेणं सोडलं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं, एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचं. ज्याचं कुणाशी काही बाकी आहे त्याने आधी ते मिटवावं आणि मग हात पुढे करावा. मी ताट नुसतं पुढे सरकवायला लागलो. लोकांच्या लक्षात आलं. एका गटाचं म्हणणं पडलं की मला दारू लागली. दुसऱ्या गटाचं, की मी कालव्यात बाप्तिस्मा देणाऱ्या नव्या पंथात गेलो. रणनवरे मावशींनी माझ्या आईला विचारलं, पोराला गव्हाचं काही सोसत नाही का. बाईंनी मात्र काही विचारलं नाही. फक्त मंगळवारी चहा देताना एकदा माझ्याकडे तपासल्यासारखं पाहिलं, डोळ्याखालची कातडी ओढून बघतात तसं.

वर्ष झालं. त्या आठवड्याच्या रविवारी सरांच्या स्मरणार्थ उपासना होती. साहेबांनी जाहीर केलं, "आता अनुग्रह साक्ष देईल, आणि नंतर सरांची प्रार्थना म्हणेल." मी पुढे गेलो. देऊळ भरलेलं होतं. बाई पहिल्या बाकावर, पांढरं पातळ, छातीवर घड्याळ. मोश्या मागे दाराशी.

मी माइक हातात घेतला.

"मागच्या वर्षी मंगळवारी दुपारी दोन ते तीन माझा तास होता. मी सव्वादोनला निघून गेलो. सर गेले तेव्हा मी फाटकाबाहेर मोश्याच्या गाडीशेजारी त्यांची नक्कल करत होतो. वहीतली सही खोटी आहे."

मग मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याला पाहून शेजारचे. बघता बघता अख्खं देऊळ हसायला लागलं. मी कधीच हसून विनोद करत नसे, त्यामुळे माझा गंभीर चेहरा हीच त्यांना खूण होती. लोकांना वाटलं, सरांच्या आठवणीने वातावरण जड झालंय म्हणून पोराने हलकं केलं.

"मी विनोद करत नाहीये," मी म्हणालो. हसू वाढलं.

"मोश्याला विचारा. तो होता."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मोश्या उभा राहिला. त्याने पहिल्या बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला काही आठवत नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

रणनवरे मावशी उठल्या. "काहीतरीच काय बोलतो! मी डोळ्यांनी पाहिलंय. गुडघ्यांवर होता, घाम निथळत होता अंगावरून. पोरगं मोठेपणा नको म्हणून स्वतःवर चिखल उडवतंय." त्यांचे डोळे भरून आले. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी "आमेन" म्हणालं.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले,

"गीत क्रमांक दोनशे चौदा."

कार्यवृत्तात पुढीलप्रमाणे नोंद आहे: अनुग्रह त्रिभुवन यांनी साक्ष दिली. गीत गाण्यात आले. चहापान झाले.

चहापानाला बाई आल्या नाहीत. त्या बाकावरच बसून होत्या. देऊळ रिकामं झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. त्या एकट्याच हसल्या नव्हत्या, हे मी माइकवरून पाहिलं होतं.

"खरंय?" त्यांनी विचारलं.

"खरंय, बाई."

"दोन चाळीसला कुठपर्यंत आला होतास?"

"शेवटी. ते थांबायचे, तिथे."

"आणि ती पोरं?"

"हसत होती."

त्या समोर पाहत राहिल्या. "मग त्या वेळी कुणीच नव्हतं."

मला म्हणायचं होतं, की देव होता. असं म्हणणं बरोबर आहे, आम्ही लहानपणापासून म्हणतो. पण ते माझ्या तोंडून कसं वाटलं असतं, ते मला कळत होतं.

"वर्षभर सांगितलं नाहीस."

"तुम्हाला झोप लागत होती."

"हो," त्या म्हणाल्या. "लागत होती." मग उठल्या. पातळाच्या निऱ्या सारख्या केल्या. "मी ख्रिस्ती आहे, अनुग्रह. क्षमा केली असं मला म्हणावं लागेल. म्हणते. केली. आता मंगळवारी येऊ नकोस."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या आपली पहिल्या बाकावरची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसल्या. ताट आलं. त्यांनी एक तुकडा घेतला आणि ताट माझ्यापुढे धरलं. मी ते पुढे सरकवायला हात लावला तर त्या सोडेनात.

"घे," त्या समोर बघत म्हणाल्या.

"बाई..."

"घे लवकर. हात दुखतो माझा."

मी घेतलं. त्यांनी ताट माझ्या हाती सोडलं, आणि उपासना संपल्यावर काही न बोलता निघून गेल्या.

त्यानंतर आठ वर्षं आम्ही दर रविवारी एकमेकांना "सलाम" म्हणालो. त्यांनी एकदाही टाळलं नाही, आणि मंगळवारी एकदाही बोलावलं नाही. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या माझ्या मावसभावाकडून कळायचं, झोपेच्या गोळ्या सातही दिवसांच्या जातात. बाई गेल्या महिन्यात गेल्या. अचानक, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. साखळी करायला कुणाला वेळच मिळाला नाही.

यंदा मी आमच्या चर्चच्या पंच कमिटीचा चिटणीस आहे. येणारे अर्ज वाचून कमिटीपुढे ठेवणं माझं काम. कालच्या बैठकीसाठी आलेले अर्ज तीन होते. एक देवळाच्या पत्र्यांबाबत, एक लाउडस्पीकरबाबत, आणि तिसरा खालीलप्रमाणे:

प्रति,
मा. अध्यक्ष व सभासद, पंच कमिटी.

विषय: एक तास परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, कै. फिलमोन ओहोळ सर यांच्यासाठी झालेल्या साखळी प्रार्थनेतील मंगळवार, दुपारी दोन ते तीन हा तास अर्जदाराकडे सोपवण्यात आला होता. अर्जदाराने तो वापरलेला नाही. तरी सदर तास, त्याच वारी, त्याच वर्षी, सर हयात असताना आणि बाई बाहेर बाकावर बसलेल्या असताना, अर्जदारास फक्त एकदा परत देण्यात यावा. अर्जदार पावणेदोन वाजता स्वखर्चाने हजर राहील व कोणी बोलावल्यास जाणार नाही.

सदर बाब कमिटीच्या अखत्यारीत येत नसल्यास हा अर्ज योग्य त्या ठिकाणी वर्ग करण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अनुग्रह त्रिभुवन